दोन मिनिटांचा पारवा

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली मुंबईत घरापुढच्या कुंडीत वाटाणा पेरला, विलायतेहून आणलेला कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंतची सगळी वाढ पट्टीवर उतरवली. ‘अंकुराची वाढ’ ही चिमुकली फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे अशा माणसांनी कर्जाची तयारी दाखवली आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सांगणारे पुढे हेही सांगतात की रोज एक फ्रेम याप्रमाणे महिनाभर चित्रण चाललं आणि मिनिटभराची फिल्म तयार झाली. इथे गणित अडतं. मूकपटाच्या चालीनं सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या तर मिनिटाला ९६० होतात. रोज एक घेतली असती तर अडीच वर्षांहून जास्त काळ लागला असता आणि वाटाण्याचा वेल तेवढा जगत नाही. उलट महिनाभरात रोज एक म्हणजे जेमतेम तीस फ्रेम. प्रेक्षकानं डोळा चोळेपर्यंत दोन सेकंद संपायचे. म्हणजे दादासाहेबांनी दिवसाला तीसेक तरी फ्रेम घेतल्या असणार. सकाळी उठून कुंडीजवळ जायचं, हँडल जरासं फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं, आणि मध्ये कोणी कुंडीला धक्का लावू नये म्हणून घरभर दटावत राहायचं.

ही चूक इतक्या वर्षांत फारशी कुणाला खटकली नाही, याचं मला नवल वाटत नाही. पडद्यावरचं मिनिट आणि ते घडवायला लागलेला काळ यांचा हिशेब प्रेक्षक कधी मांडत नाही. त्यानं मांडावा अशी अपेक्षाही नाही. पण जो एकटा बसून कार्टून काढतो त्याच्या डोक्यातून हा हिशेब क्षणभरही जात नाही. त्याची सावकारी उलटी असते: मुद्दल वर्षभराचं आणि व्याज मिनिटाचं.

माझा भाचा नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये भाड्याच्या खोलीत राहतो. दिवसा तो एका कंपनीसाठी शाळकरी मुलांचे धडे हलते करतो. भौतिकशास्त्राच्या धड्यात उतारावरून चेंडू घरंगळतो ना, तो चेंडू हा घरंगळवतो. नोएडा-गुरुग्रामात अशा कामाला तोटा नाही. ऑनलाइन शिकवण्या आहेत, जाहिराती आहेत, फिल्म सिटीतल्या वृत्तवाहिन्यांचे ग्राफिक्स विभाग आहेत. ‘आज तक’वर नेतेमंडळींना नाचवणारं ‘सो सॉरी’ तिथलंच. पगार वेळेवर होतो आणि पोर हुशार आहे, पण चेंडूच्या पलीकडे काही घरंगळवायची त्याला मुभा नाही. म्हणून रात्री जेवण झालं की तो स्वतःचं काढायला बसतो. कित्येक महिने तो एक पारवा काढत होता. पारवा समोरच्या इमारतीच्या एसीच्या डब्यावर उतरतो, घरटं करायला बघतो, हुसकावला जातो, पुन्हा येतो. गोष्ट एवढीच. दोन मिनिटांची.

दोन मिनिटं म्हणजे किती, तेही सांगते. सेकंदाला चोवीस फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर बारा चित्रं. या धंद्यात त्याला ‘ऑन टूज’ म्हणतात. दोन मिनिटांना १,४४० चित्रं झाली. नेहरू प्लेसमधून घेतलेल्या ड्रॉइंग टॅबलेटवर, एका हातानं, एका माणसानं. त्या बाजारातल्या चौकात पूर्वी पाऊल टाकलं की पोरं कानाशी येऊन ‘सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर’ असं पुटपुटायची आणि हजारोंचे प्रोग्रॅम शंभराच्या नोटेत मिळायचे. आता या कामाला चोरीच्या सीडीची गरज उरलेली नाही. ‘ब्लेंडर’ हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर २००२ साली लोकांनी वर्गणी काढून, एक लाख युरो गोळा करून सर्वांसाठी खुलं केलं. जिब्ली स्टुडिओत वापरात असलेल्या ‘टून्झ’ची खुली आवृत्ती २०१६ पासून फुकट आहे. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसनं ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट एकट्यानं केला, आणि पुढे छोटी मंडळी जमवून ब्लेंडरवर केलेल्या ‘फ्लो’ला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. तेव्हा हत्यारांची गरिबी संपली असं म्हणायला हरकत नाही. वेळेची मात्र होती तशीच आहे.

एकदा मी त्याच्या पाठीशी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर आधीचं चित्र फिकट लाल, पुढचं फिकट हिरवं आणि मधलं काढायचं ते काळ्या रेषेत. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर एकाखाली एक दिसतात. पारवा डब्यावर उतरतो त्याची मुख्य चित्रं तीन: पाय पुढे काढून, शेपूट पसरून आलेला, पत्र्याला पाय टेकलेला, बसता झालेला. पण तेवढ्यानं तो बसत नाही, आपटतो. टेकल्यावर शरीर थोडं पुढे जाऊन मागे आलं पाहिजे, पंख मिटायला उशीर झाला पाहिजे, आणि सगळ्यात शेवटी मानेवरची पिसं खाली बसली पाहिजेत. ही चार-दोन चित्रं नसतील तर पक्ष्याला वजन येत नाही. भाचा एकच रेघ काढून खोडत होता. मी म्हटलं, “अरे, चालतोय की आता.” तो म्हणाला, “मावशी, मान बघ. चालताना मान पुढेमागे हलते असं आपल्याला वाटतं ना? मागे येतच नाही ती.”

आणि खरंच येत नाही. पारवा चालतो तेव्हा मान झटक्यानं पुढे जाते आणि हवेत जागच्या जागी थांबते. मग अंग मागून चालत येऊन तिला गाठतं, आणि पुन्हा झटका. डोळ्यासमोरचं जग हलू नये म्हणून ही धडपड. १९७८ साली कॅनडातल्या बॅरी फ्रॉस्ट या शास्त्रज्ञानं पारव्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं. पाय चालत होते, पण भोवतालचं दृश्य जागेवरून हलत नव्हतं, तर मानेचे झटके बंद. म्हणजे त्या मानेला पायांशी कर्तव्य नाही, ती डोळ्यांच्या सोयीसाठी थांबते. जग स्थिर दिसावं म्हणून पारवा ते तुकड्यातुकड्यानं पाहतो, आणि आपण तुकडे भराभर दाखवून जग हलतं करतो. भाच्याला या तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नव्हतं. मान थांबते तेवढ्या फ्रेम डोकं नव्यानं काढावं लागत नाही, हा त्याचा आनंद. “स्वस्तातला नट आहे,” म्हणाला.

दिल्लीत असं बिनकामाचं पाखरू काढणं मला फार मोलाचं वाटतं, त्याला कारण आहे. या शहरात चित्राला नेहमी नोकरी लागलेली असते. शंकर पिल्लै यांचं ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्र-साप्ताहिक १९४८ पासून आणीबाणीत बंद पडेपर्यंत इथून निघालं. नेत्यांना ओरबाडणं ही त्याची नोकरी. दूरदर्शनवर हलणाऱ्या चित्रांना संदेश पोचवायचा असे: छोटं कुटुंब, स्वच्छ पाणी, राष्ट्रीय एकात्मता. त्या नोकरीतलं सर्वांत गाजलेलं चित्र ‘एक अनेक और एकता’, आणि त्याची लेखिका दिल्लीत राहिलेली मराठी बाई. विजया मुळे. सगळे त्यांना अक्का म्हणत.

दिल्लीतल्या मराठी माणसांच्या याद्या काढतात तेव्हा खासदार, सनदी अधिकारी, पहाडगंजच्या गणेशोत्सवाचे आधारस्तंभ वगैरे येतात, अक्का क्वचितच. जन्म १९२१ चा, मुंबईतला. लग्नानंतर पाटणा, तिथल्या विद्यापीठात शिक्षण, मग लीड्सला जाऊन शिक्षणशास्त्र, परत येऊन पाटण्यात फिल्म सोसायटी. १९५४ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यात नोकरी लागून त्या दिल्लीला आल्या. इथेही फिल्म सोसायटी उभी केली, आणि १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला तेव्हा अध्यक्ष सत्यजित राय आणि सहचिटणीस अक्का. ‘भुवन शोम’ची नायिका सुहासिनी ही त्यांची लेक. १९७५ साली उपग्रहावरून खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. सहा राज्यांतली २,४०० गावं, वर्षभर. तेव्हा एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची धुरा अक्कांकडे होती. २०१९ च्या मे महिन्यात, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, दिल्लीतच गेल्या.

‘एक अनेक और एकता’ १९७४ चा, फिल्म्स डिव्हिजनचा. रेखाटन-अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं, ज्यांनी पुढे ‘घरौंदा’ केला. त्याआधी ‘द क्लाइंब’ या छोट्या अ‍ॅनिमेशनपटाला शिकागोत सिल्व्हर ह्यूगो मिळवून ते स्वतंत्रपणे काम करू लागले होते. शेवटचं गाणं विनयचंद्र मौद्गल्य यांचं. ते पलुसकरांच्या परंपरेतले, दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय १९३९ मध्ये त्यांनीच काढलं. संगीत वसंत देसाईंचं. चिमुरडा आवाज साधना सरगमचा; तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. गोष्ट पंचतंत्रातली. चित्रग्रीव कपोतराजा आपल्या थव्यासह जाळं घेऊन उडतो आणि हिरण्यक उंदीर ते कुरतडतो, ती. अक्कांनी कपोतांच्या चिमण्या केल्या आणि राजालाच काढून टाकलं. हा बदल मला नुसता सोयीचा वाटत नाही. राजा असता तर उडण्याची आज्ञा त्यानं दिली असती. इथे चिमण्यांना आपसात ठरवावं लागतं. सरकारी पैशातून, सरकारी विषयावर काम करताना एका बाईनं एवढी जागा काढून घेतली. शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो एकतेला असेल, पण माझ्या पिढीला आठवतात त्या चिमण्या, मोठ्या बहिणीला प्रश्न विचारून भंडावणारी मुलं आणि सात मिनिटांत सात-आठदा मनात रुतलेली चाल.

का आठवतात, याचं उत्तर चित्रपटाच्या गुणांत निम्मंच आहे. उरलेलं निम्मं दूरदर्शनच्या दारिद्र्यात होतं. वाहिनी एक, कार्यक्रम मोजके. दोन कार्यक्रमांमधली फट बुजवायला किंवा बिघाड झाला की हाच रीळ चढवायचा. आम्ही तो निवडून पाहिला नाही, आम्हांला तो दाखवला गेला, वर्षानुवर्षं, त्याच मुलांना, पुन्हा पुन्हा. चार वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट रोज लागते हे आया जाणतात. दूरदर्शननं ते नाइलाजानं केलं. आज तोच चित्रपट यू-ट्यूबवर कुणीकुणी चढवलेल्या अनेक प्रतींत सापडतो. फिल्म्स डिव्हिजन मात्र २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं. बघणाऱ्यांचे आकडे लाखांत आहेत, आणि त्यातले बहुतेक माझ्यासारखे, पूर्वी पाहिलेलं पुन्हा बघायला आलेले.

त्या चिमण्यांना चाल देणारे वसंत देसाई कुडाळकडचे. तिथून पिंगुळी हाकेच्या अंतरावर. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी म्हणजे एका गोष्टीच्या तीस-चाळीस-पन्नास चित्रांचा गठ्ठा. त्याला पोथी म्हणतात. चित्रकथी ती पुढ्यात घेऊन बसतो, वीणा-हुडुक-टाळांच्या साथीनं गातो आणि एकेक चित्र उचलून दाखवत जातो. मारीचाचं हरीण चित्रात जागचं हलत नाही. ते पळतं गाणाऱ्याच्या आवाजात. परशुराम गंगावण्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘लुप्त होत चाललेली कला’ हे ठरीव विशेषण लावून बातमी छापली. मला ती कला अ‍ॅनिमेशनवाल्यांनी धंद्याच्या अंगानं बघावीशी वाटते. पन्नास चित्रांत रात्र काढायची म्हणजे कुठलं चित्र किती वेळ धरायचं, कुठे झटकन पुढचं उचलायचं, कुठे चित्र तेच ठेवून आवाज चढवायचा, हे सगळं आलं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांभरिक खरोलिका’ नावानं जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागून संवाद आणि गाणी. घरच्या माणसांनी मिळून केलेली चित्रं घेऊन ते गावोगाव हिंडले. दादासाहेबांनीही १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. यांतल्या कुणाकडे हात जास्त नव्हते. म्हणून हालचाल कमी ठेवायची आणि जिथे ठेवायची तिथे अशी की डोळा हटू नये. आज ‘लिमिटेड अ‍ॅनिमेशन’ म्हणून परदेशी पुस्तकांतून शिकवतात ते काटकसरीचं शास्त्र आपल्याकडे पिंगुळीत बसलेलं होतं. डिस्नेसारखं पाणी वाहतं करायला गेलेला एकटा माणूस पहिल्या ओढ्यातच बुडतो.

मुंबईच्या गीतांजली राव यांचं उदाहरण मी भाच्याला नेहमी देते आणि तो दर वेळी “माहितीये” म्हणतो. जे. जे. मधून शिकलेल्या, राम मोहन यांच्या हाताखाली काम केलेल्या राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ तीन वर्षं खपून एकटीनं रंगवला. पंधरा मिनिटांचा. एकटी म्हातारी, तिचं मांजर आणि काड्यापेट्यांच्या छापांचा तिचा संग्रह. छापातून ती रंगीत जगांत जाऊन येते. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला पारितोषिक मिळालं. फाळक्यांच्या काड्या आणि राव यांची पेटी यांत नव्वद वर्षांचं अंतर आहे. योगायोग असेलही, पण घरात हाताशी असलेली क्षुल्लक वस्तू उचलायची ही बुद्धी एकट्यानं काम करणाऱ्यालाच सुचते. दिल्लीत दादासाहेबांच्या नावानं दर वर्षी देशातला सर्वोच्च चित्रपट सन्मान देतात. तो आजवर नटनट्या, दिग्दर्शक, गायक, छायालेखक यांना मिळाला, हयात अ‍ॅनिमेशनमध्ये घालवलेल्या एकालाही नाही. असो.

आता पारवा यू-ट्यूबवर चढवण्याबद्दल. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्याच सप्टेंबरात यू-ट्यूबनं ‘शॉर्ट्स’ काढलं ते जगात सर्वांत आधी भारतात. उभा पडदा, अंगठ्याचा एक फटकारा की पुढचं. माझ्या भाच्यानं पारवा आडव्या चौकटीत योजला होता, कारण एसीचे डबे इमारतीवर आडव्या रांगेत दिसतात आणि पारवा एकावरून दुसऱ्यावर जातो. उभ्यात घ्यायचा तर रांग मोडते, पारवा वर-खाली करतो, आणि गोष्टच बदलते. मित्रांनी सांगितलं, आडवं कोण बघतं? तो चार दिवस गप्प होता. मग म्हणाला, आडवंच. मला बरं वाटलं, पण ते त्याच्या फायद्याचं आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. यू-ट्यूबनं जाहिरातीच्या पैशात वाटा द्यावा म्हणून हजार वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. शॉर्ट्सच्या फीडमधला वेळ त्यात धरत नाहीत. दोन मिनिटांचा पारवा पुरता सव्वा लाखाच्या आसपास वेळा पाहिला जावा तेव्हा ४,००० तास भरतात. तेही वर्षाच्या आत. आणि वर्षात असे किती पारवे काढशील? रोज कॅमेऱ्यासमोर बसून बडबडणारा माणूस रोज एक भाग चढवू शकतो. रेषेवाल्याला रोज दोन सेकंदही निघत नाहीत. या बाजाराचा ताल रोजचा आहे आणि याचा ताल हंगामाचा. म्हणून मी त्याला पहिल्यापासून सांगते की हे पोटासाठी करू नकोस. तो म्हणतो, “पोटासाठी चेंडू आहेत.”

चोरीचं काय, हेही मी विचारलं होतं. नाव खोडून दुसऱ्या कुणी पानावर टाकलं तर? त्यानं मला नीना पेलीची गोष्ट सांगितली. ही अमेरिकन बाई नवऱ्याच्या नोकरीनिमित्त काही काळ तिरुवनंतपुरमला होती. संसार मोडला, त्या दुःखातून तिनं घरच्या कॉम्प्युटरवर एकटीनं ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा ८२ मिनिटांचा चित्रपट केला. १९२० च्या दशकातल्या अ‍ॅनेट हॅनशॉ या गायिकेची गाणी सीतेच्या तोंडी घालून. गाण्यांच्या हक्कांवरून नाकी नऊ आले, हजारो डॉलर मोजावे लागले. मग तिनं २००९ मध्ये चित्रपट इंटरनेटवर मोकळा सोडून दिला: कुणीही बघा, दाखवा, विका. पुढे २०१३ मध्ये उरलासुरला हक्कही सोडला. आपल्याकडे रामायणाच्या त्या मांडणीवरून काहींनी आक्षेप घेतले तो वेगळा विषय. हक्कांच्या जाचावरचा तिचा राग मला समजतो. माझा भाचा तिच्याइतका उदार आहे असं मात्र वाटत नाही. त्यानं पारव्याच्या डब्यावर, कंपनीचं नाव असतं त्या जागी, स्वतःचं नाव रंगवून ठेवलं आहे. पुसायचं झालं तर चोरालाही १,४४० चित्रांतून पुसावं लागेल, असं तो म्हणतो. खरं तर पार्श्वभूमी एकच आहे आणि चोराकडे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं आहेत. पण मी बोलले नाही.

ती यंत्रं. २०२५ च्या मार्चमध्ये सगळ्या देशानं आपापल्या लग्नाचे फोटो जिब्लीच्या शैलीत करून घेतले तेव्हा भाच्याच्या ऑफिसातही तेच चाललं होतं. आम्ही गंमत म्हणून यंत्राला दिल्लीतला पारवा मागितला. आला, आणि देखणा आला. पिसांवरची जांभळी-हिरवी झाकसुद्धा होती. चालला तेव्हा मान लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत होती. पुढच्या आवृत्तीत ते सुधारेल, यात मला शंका नाही. पण मानेचं ते थांबणं भाच्याला ठाऊक झालं ते खिडकीत उभं राहून, आणि रेघ चुकली म्हणून. यंत्राला दिलेल्या वाक्यात आपल्याला आधीच माहीत असलेलं तेवढंच घालता येतं. मानेचं आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं. ते काढताना कळलं. दादासाहेबांनाही वाटाण्याच्या वेलाचे तंतू आधाराच्या शोधात हवेत गोल फिरतात हे बहुधा पट्टी धुऊन पडद्यावर पाहिल्यावरच दिसलं असेल. कुंडीजवळ दिवसभर बसूनही ते दिसत नाही.

पारवा अखेर दिवाळीच्या आधी चढवला. पारव्यांचे दिवस बरे नव्हते. दादरच्या कबूतरखान्यावरून मुंबईत रण माजलं होतं, आणि पहिल्या प्रतिक्रियांमध्ये दोघांनी विष्ठेनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाची माहिती दिली. एकानं ‘हा आमच्याच सोसायटीचा एसी’ असं लिहिलं. कुणीतरी तैवानमधून फक्त हसरा चेहरा टाकला. चित्रात शब्द नाही याचा हा फायदा, हास्यचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं भाषेची वेस न लागता जगभर हसवत गेली ती यामुळेच. आकड्यांबद्दल भाचा मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. पुढचं काय ते मात्र विचारलं.

“तोच पारवा. जानेवारीतला.”

“पुन्हा तोच?”

“धुकं असेल ना. समोरची अख्खी बिल्डिंग काढायला नको, मावशी. नुसते दोन डबे आणि पांढरं.” मग जरा थांबून म्हणाला, “आवाज तुझा लागेल पण. सकाळी सातला त्याला हुसकावणारी बाई आहे. मराठीतच ओरड, इथले पारवे हिंदीला सरावलेत.”

मी मानधनाचं विचारलं. बघू म्हणाला.